दोष हवेचा नव्हे : स्वयंचलित फाटकांविषयी एक प्रतिवाद

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेरेखोलच्या खाडीकाठी वसलेल्या आरोंद्यात आणि तेथून शिरोडा, वेंगुर्ले, मालवणपर्यंत पसरलेल्या साऱ्या किनारपट्टीत, विजेवर चालणाऱ्या स्वयंचलित फाटकांविषयी एक मत आता जवळजवळ निर्विवाद मानले जाऊ लागले आहे. ते मत असे, की ही फाटके आमच्या हवेसाठी नाहीतच. जेथे तीन पावसाळ्यांत खिडकीचे गज गंजतात, जेथे मे महिन्यातले ऊन माणसाला सोसवत नाही आणि जूनपासून पुढे चार महिने भिंतींनाही घाम फुटतो, तेथे मोटर, कंट्रोल बोर्ड आणि सेन्सर यांचा नाजूक संसार मांडणे म्हणजे जाणूनबुजून पैसा समुद्रात टाकणे होय. आणि म्हणून शहाण्याने साधे लोखंडी फाटक लावावे, कडी घालावी आणि स्वस्थ बसावे. हे मत बाळगणारी माणसे अविचारी नाहीत. त्यांतील पुष्कळांनी असे फाटक स्वतः लावून पाहिले आहे, दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात ते अर्धवट उघडून अडलेले पाहिले आहे, दुरुस्तीसाठी परगावाहून कारागीर येण्याची वाट पाहिली आहे, आणि अखेर मोटर सोडवून ठेवून फाटक हाताने ढकलण्याची सवय करून घेतली आहे. त्यांचा अनुभव खरा आहे. त्या अनुभवातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला सर्वस्वी अमान्य आहे, आणि तो का अमान्य आहे हे सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते. कारण ‘हवाच वाईट’ हा निकाल एकदा मान्य केला, की ज्यांनी ते फाटक चुकीचे घडवले, चुकीच्या जागी बसवले आणि पुढे त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, ते सारे जबाबदारीतून विनासायास मोकळे होतात.

या पक्षाचा पहिला आणि सर्वांत आवडता आरोप पावसावर असतो. सिंधुदुर्गात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, घाटमाथ्यावरच्या आंबोलीत तर त्याच्या दुपटीहून जास्त, आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तेव्हा एवढ्या पाण्याखाली लोखंड गंजावे यात नवल ते काय, असा हा युक्तिवाद आहे. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु किनाऱ्यावरच्या धातूचा मुख्य शत्रू पाऊस नव्हे, मीठ आहे; आणि मिठाच्या बाबतीत पाऊस हा शत्रू नसून धातूचा रखवालदार आहे, ही गोष्ट या युक्तिवादात अजिबात लक्षात घेतलेली नसते. नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत, जेव्हा वळिवाच्या सरी सोडल्या तर पाऊस जवळजवळ पडतच नाही आणि लोक फाटकाविषयी निर्धास्त असतात, त्याच सहा-सात महिन्यांत दररोज दुपारी सुटणारा समुद्रवारा लाटांच्या फेसातून उडालेले अतिसूक्ष्म खारे तुषार जमिनीकडे वाहून आणतो, आणि ते वाटेत आडव्या येणाऱ्या प्रत्येक पृष्ठभागावर बसत जातात. शिरोड्याला, जेथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तेथल्या मिठागरांत जे मीठ पिकते ते याच समुद्राचे, याच उन्हाचे आणि याच महिन्यांतले. फाटकाच्या सळ्यांवर बसणारे मीठ त्याहून निराळे नाही, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. पुढे हवेतील आर्द्रता वाढली, की हे मीठ पाणी शोषून घेऊ लागते. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला स्वतःच विरघळू लागते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असल्यामुळे ते त्याहून पुष्कळ कमी आर्द्रतेतही ओलसर राहते. पावसाळ्याच्या तोंडावर स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ जसे पाझरू लागते, तसाच हा फाटकावरचा थर पाझरू लागतो, आणि पाऊस पडो वा न पडो, लोखंड रात्रंदिवस खाऱ्या पाण्याच्या एका पातळ पापुद्र्याखाली राहते.

आता पाऊस काय करतो ते पाहावे. जून महिन्यातली पहिली चांगली सर फाटकाच्या दर्शनी, उघड्या भागावरचे मीठ स्वच्छ धुऊन टाकते. जो भाग पावसाला सापडत नाही, म्हणजे आडव्या पट्टीची खालची बाजू, बिजागरीची आतली खोबण, मोटरीच्या झाकणाखालचा पत्रा, कमानीच्या आडोशाला असलेला खांब, तो मात्र वर्षानुवर्षे न धुता राहतो आणि तेथेच गंज सर्वांत आधी, सर्वांत खोल लागतो. कोणाही फाटकवाल्याने खाली वाकून आपल्या फाटकाची तळची पट्टी बोटाने चाचपून पाहावी. वरचा रंग तुकतुकीत असताना खालून पोपडे हाताला येतील. हे एकदा पटले, की संरक्षणाची सारी कल्पनाच पालटते. ज्या गृहस्थाने फाटक पावसापासून वाचवावे म्हणून त्यावर पत्र्याचे छप्पर घातले आणि इतके करून निश्चिंत झाला, त्याने पाऊस अडवला खरा, पण वर्षातून चार महिने फुकट मिळणारे धुणेही बंद केले. छप्पर घालावे, ते अवश्य घालावे; परंतु ज्या भागावर पाऊस पडत नाही तो भाग नोव्हेंबर ते मे या काळात दर महिन्याला विहिरीच्या गोड्या पाण्याने हाताने धुतला पाहिजे, आणि हे काम बादलीभर पाणी, एक फडके आणि पाव तास एवढ्यात होते. ज्या फाटकाच्या नशिबी हे धुणे एकदाही आले नाही, त्याच्या मृत्यूचा दाखला पावसाच्या नावे लिहिणे हा सरळ अन्याय आहे.

येथे आणखी एक भेद करणे जरूर आहे, कारण ‘कोकणची हवा’ असा एकच सरसकट शब्द वापरल्याने पुष्कळ घोटाळा झाला आहे. खारे तुषार मुख्यतः फुटणाऱ्या लाटांतून उडतात आणि किनाऱ्यापासून आत जावे तसे त्यांचे प्रमाण झपाट्याने घटते. शिरोड्याच्या किंवा रेडीच्या पुळणीला लागून असलेले घर आणि खाडीच्या शांत पाण्यालगतचे, माडांच्या आडोशाला असलेले आरोंद्यातले घर, यांच्या फाटकांवर एकसारखे मीठ बसत नाही. पहिल्याला जे पोलाद लागेल ते दुसऱ्याला लागेलच असे नाही. आणि दुसऱ्याला जे पुरेल ते पहिल्याला खात्रीने पुरणार नाही. कंत्राटदार दोघांनाही एकाच छापाचे फाटक देतो. दोन्ही गावांत एकाच हवेला शिव्या बसतात.

पावसाळ्यात अडलेल्या फाटकाची कंट्रोल बोर्डाची पेटी पावसाळा संपल्यावर एकदा उघडून पाहावी, म्हणजे आरोप कोणावर ठेवायचा ते आपोआप ठरेल. पेटी बहुधा खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर, पश्चिमेकडे तोंड करून बसवलेली असते. तारा तिच्यात वरून किंवा बाजूने शिरलेल्या असतात आणि त्यांच्या भोकाला रबरी ग्लँड नसतो, असला तरी तो ढिला असतो. म्हणून तारेवरून ओघळणारे पाणी तारेचा हात धरून थेट आत येते. त्याच भोकातून मुंग्या आत गेलेल्या असतात आणि रिलेच्या उबेत त्यांनी अंडी घातलेली असतात. कोपऱ्यात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले असते. तांब्याच्या टोकांवर हिरवा थर, जस्ताचा मुलामा दिलेल्या स्क्रूंवर पांढरी भुकटी, आणि पुष्कळदा दोन टोकांच्या मध्ये अडकून मेलेली एक पाल. यांतील एकही गोष्ट अटळ नाही. पेटी छातीएवढ्या उंचीवर, भिंतीच्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या अंगाला, वळचणीखाली बसवावी. तारा खालूनच आत घ्याव्यात आणि आत शिरण्यापूर्वी प्रत्येक तारेला खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकून जाते. प्रत्येक भोकाला मापाचा ग्लँड घट्ट बसवावा. बोर्डावर लाखेसारखा जलरोधक लेप चढवून घ्यावा. पेटीभोवती प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून सुतळीने आवळण्याची जी रीत सर्वत्र दिसते, ती मात्र तत्काळ सोडून द्यावी, कारण त्या कागदाच्या आत दिवसा तापलेली दमट हवा रात्री गार होऊन तिचे पाणी बोर्डावरच बसते, आणि बाहेरचा पाऊस जे नुकसान करू शकला नसता ते हे आतले दव करते.

मोटरींच्या बाबतीतही हेच. धूळ आणि पाणी यांपासून यंत्राला किती संरक्षण आहे हे सांगणारा एक आंतरराष्ट्रीय अंक प्रत्येक मोटरीवर छापलेला असतो. आयपी ४४ किंवा ५४ असे लिहिलेली मोटर चहूकडून उडणारे शिंतोडे सोसते, पण जोराची धार किंवा साचलेले पाणी सोसण्याची हमी ती देत नाही. आयपी ६७ लिहिलेली मोटर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालावी अशी असते. पण अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. दोन झडपांच्या फाटकाखाली खड्डा खणून त्यात भूमिगत मोटर बसवण्याची टूम शहरांतून इकडे आली आहे. आमच्या जांभ्याच्या जमिनीत जुलै महिन्यात भूजल इतके वर येते, की तो खड्डा विहिरीसारखा भरतो आणि मोटर आठवडेच्या आठवडे पाण्यात राहते. जेथे खड्ड्याच्या तळातून पाणी उताराने बाहेर काढण्याची सोय करता येत नाही, तेथे भूमिगत मोटर बसवू नये, इतका साधा नियम ज्याने पाळला नाही त्याने नंतर पावसाकडे बोट दाखवण्यात काय अर्थ आहे?

प्रतिपक्षाचा दुसरा मुद्दा लोखंडाविषयी आहे आणि त्यात अर्धे तथ्य आहे. साधी चौकोनी नळी वेल्डिंगने जोडून, तिच्यावर रेड ऑक्साइडचा एक हात आणि तैलरंगाचे दोन हात मारून जे फाटक तयार होते, ते किनाऱ्यावर टिकत नाही, हे मलाही मान्य आहे. पण असे फाटक टिकेल असे कोणत्या जाणत्या माणसाने म्हटले होते? नळीची टोके बंद केली तरी जोडांतल्या बारीक फटींतून दमट हवा आत शिरते, तिच्यातली वाफ थंड होऊन तळाशी पाणी साचते आणि नळी आतून बाहेर कुजत येते. तळाशी पाणी निथळायला दोन भोके ठेवली तर हे टळते, आणि दोन भोकांना खर्च शून्य येतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट जस्ताची. सारे वेल्डिंग, सारी भोके पूर्ण झाल्यावर अख्खे फाटक वितळलेल्या जस्तात बुडवून काढले, तर त्यावर साधारण ७० ते ८५ मायक्रॉन जाडीचा जस्ताचा थर बसतो. विजेच्या साह्याने दिलेला बाजारातला चकचकीत मुलामा बहुधा ५ ते १५ मायक्रॉनचा असतो. आधी जस्त दिलेली नळी आणून मग वेल्डिंग करणे हा तर उघड नुकसानीचा व्यवहार, कारण जोडाजवळचे जस्त त्या आचेने जळून जाते आणि नेमका जोडच उघडा पडतो. स्टेनलेस स्टील म्हणून जे सर्रास विकले जाते ते ३०४ जातीचे असते आणि समुद्राजवळ त्यावर थोड्याच काळात चहाच्या रंगाचे डाग पडू लागतात. ३१६ जातीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, म्हणून ते मिठाला सहजी दाद देत नाही. बिजागऱ्या, बोल्ट आणि चाकांचे आस एवढ्यापुरते तरी ३१६ घ्यावे. साऱ्या फाटकाला ते लावण्याची ऐपत सर्वांची नसते आणि तशी गरजही नसते.

तिसरा मुद्दा विजेचा. एप्रिल-मे महिन्यांतील वळिवाचे आणि ऑक्टोबरातील परतीच्या पावसाचे गडगडाट कोकणात कोणाला अपरिचित नाहीत, आणि एका कडकडाटात फाटकाचा बोर्ड, टीव्ही आणि इन्व्हर्टर एकदम गेल्याच्या हकिकती घरोघर सांगितल्या जातात. येथे मात्र हवेइतकीच जमीनही विचारात घ्यावी लागते. जांभा दगड वीज सहज वाहून नेत नाही. म्हणून देशावरच्या काळ्या मातीत जो अर्थिंगचा खड्डा पुरेसा होतो, तोच येथे कातळात खणला तर नावापुरताच उरतो. आगरातल्या ओलसर मातीत, विहिरीच्या पाण्याच्या वाटेवर किंवा माडाच्या आळ्यालगत खड्डा घेऊन, त्याचा रोध यंत्राने मोजून, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहिले पाहिजे, आणि फाटकाच्या पुरवठ्यावर विजेचा लोंढा जमिनीत वळवणारे संरक्षक उपकरण बसवले पाहिजे. हे न करता ‘वीज पडली, आपण काय करणार’ असे म्हणणे म्हणजे दार उघडे ठेवून चोराला दोष देण्यासारखे आहे.

विजेचाच दुसरा पैलू पुरवठ्याचा. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगतून उत्तरेकडे सरकले तेव्हा विजेचे खांब आणि झाडे सर्वत्र कोसळली आणि अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. अशा प्रसंगी जे फाटक हाताने उघडता येत नाही ते घरातल्या माणसांना कोंडून ठेवते. प्रत्येक स्वयंचलित फाटकाला मोटर सोडवून ते मोकळे करण्याची एक किल्ली असते. ती किल्ली कोठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, आजीपासून नातवापर्यंत, ठाऊक असावे आणि ती वर्षातून दोनदा फिरवून पाहिलेली असावी. वाऱ्याच्या बाबतीत तर साधा हिशोब पुरे आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरावर सुमारे ४७ किलो वजनाइतका दाब देतो. चार मीटर लांब आणि दीड मीटर उंच अशा पूर्ण पत्र्याच्या फाटकावर तो दाब पावणेतीनशे किलोंच्या वर जातो, आणि तो सारा भार बिजागऱ्यांवर किंवा मोटरीच्या दांड्यावर येतो. पत्र्याऐवजी सळ्यांचे, मधून वारा जाऊ देणारे फाटक केले, तर भार कमी होतो. आणि किनाऱ्याकडे तोंड असेल तर दोन झडपांच्या झुलत्या फाटकापेक्षा सरकते फाटक वाऱ्याला अधिक तोंड देते. सरकत्या फाटकाच्या रुळाची खाच मात्र वर तोंड करून ठेवू नये; तिच्यात आंब्याची पाने आणि चिखल भरतो, चाक अडते आणि मोटर जळते. उलट्या व्हीच्या आकाराचा उंच रूळ, किंवा रूळच नसलेले अधांतरी सरकणारे फाटक, येथे जास्त उपयोगी.

परंतु माझा मुख्य आक्षेप या तपशिलांपलीकडचा आहे. ‘आमच्या हवेत आपोआप चालणारे दार टिकत नाही’ असे म्हणणारे लोक विसरतात, की ज्या खाडीकाठी ते राहतात, त्याच खाडीकाठी आपोआप उघडणारी आणि मिटणारी दारे वीज येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहेत, आणि तीही खाऱ्या पाण्यात उभी राहून. कोकणच्या खाजणांत समुद्राचे पाणी शेतात येऊ नये म्हणून माती, जांभा आणि गवत यांचे बांध घातले गेले, आणि त्या बांधांत जागोजागी उघाड्या ठेवल्या गेल्या. गोव्यात उघाडीला मानस म्हणतात. उघाडीच्या तोंडाला वरच्या बाजूने टांगलेली एक जाड लाकडी झडप असते. भरती येऊ लागली, की खाडीचे पाणी बाहेरून तिच्यावर रेलते आणि ती चौकटीला घट्ट मिटते. ओहोटी लागली, खाडीचे पाणी खाली गेले, की आत साचलेले पावसाचे पाणी तिला आतून लोटते आणि ती उघडून पाणी बाहेर जाऊ देते. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. झडप दिवसाला चार वेळा आपली जागा बदलते, आणि तिच्यावर पहारा करायला माणूस उभा नसतो, तिला तार नसते, कळ नसते. तिच्या अंगाला शिंपल्या चिकटतात, शेवाळ धरते, लाकडाला समुद्रकिडा लागतो. तरी ती चालते; कारण जुन्या काळी खाजणाचे शेतकरी मिळून दरसाल तिची चौकट तपासत, बिजागरीची खुंटी बदलत, बांधाला पडलेल्या भेगा लिंपत, आणि झडप कधी बदलायची याचा निर्णय ती मोडण्यापूर्वी घेत. जेथे ही सामुदायिक शिस्त ढिली पडली, जेथे मासेमारीसाठी झडप भरतीत मुद्दाम उघडी ठेवली जाऊ लागली, तेथे खारे पाणी आत शिरून भातशेती बरबाद झाली. मुंबई सरकारने १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा केला आणि महाराष्ट्राने १९७९ साली खारभूमी विकासाचा नवा कायदा केला, तो याच बांधांच्या आणि उघाड्यांच्या रक्षणाची तजवीज व्हावी म्हणून. हवा तीच होती, खाडी तीच होती, झडपही तीच होती. फरक पडला तो राखणीचा.

यावर असे उत्तर येईल, की लाकडाची झडप आणि विजेची मोटर यांची तुलना गैरलागू आहे. मग घाट चढून जावे. फोंडाघाटाच्या पलीकडे भोगावती नदीवर राजर्षी शाहू महाराजांनी उभारायला घेतलेले राधानगरी धरण आहे. सह्याद्रीच्या त्या भागात पावसाला खंड म्हणून नसतो. त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, आणि जलाशय भरताच पाण्याच्याच दाबाने ते एकामागून एक उघडतात. दरवर्षी पावसाळ्यात कोल्हापूरकर त्या बातमीची वाट पाहतात आणि प्रत्येक दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटल्याचे वर्तमानपत्रांत वाचतात. पुण्याजवळ खडकवासल्याला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली आपले स्वयंचलित दरवाजे बसवले, त्यांचे पेटंट घेतले, आणि नंतर तीच रचना देशात इतरत्र गेली. जोराच्या पावसात आणि धरणाच्या कायमच्या ओलाव्यात काम करण्यासाठीच हे दरवाजे जन्मले. उलट बाजूने पाहावे तर तुंगभद्रा धरणाचा एकोणिसावा दरवाजा १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री साखळी तुटून वाहून गेला. आणि धरणाजवळच्या होसपेटेचा मुलूख तर कोरडा, तेथे ना समुद्र ना खारी हवा. सुमारे सत्तर वर्षे काम केलेली साखळी अखेर तुटली. हवेचा सिद्धांत या उदाहरणांचा उलगडा कसा करणार?

आणि ज्यांना विजेचेच उदाहरण हवे असेल, त्यांनी सावंतवाडी स्थानकावर जाऊन उभे राहावे. कोकण रेल्वे १९९८ सालापासून अखंड मार्गाने धावते आहे. तिचे सिग्नल, तिच्या रुळांवरची विजेची उपकरणे, तिचे दूरसंचार, हे सारे याच पावसात, याच दमट हवेत काम करतात. पावसाळा आला, की रेल्वे त्या हवेला नाकारत नाही; ती पावसाळी वेळापत्रक लावते, वेग कमी करते, दरडीच्या जागी गस्त घालते. आपल्या हवेची पूर्ण कबुली देऊन त्या कबुलीवर व्यवस्था उभारणे हेच शहाणपण. हवेला दोष देऊन हात झटकणे म्हणजे व्यवस्थेची जबाबदारी टाळणे.

शेवटचा आक्षेप खर्चाचा आणि गरजेचा. हाताने ढकलून फाटक उघडते, मग विजेची चैन कशाला, असे विचारणाऱ्यांना मी त्यांच्या गावातली घरे मोजायला सांगेन. ज्या घरांतली कर्ती माणसे मुंबईला किंवा आखातात आहेत आणि मागे सत्तरीच्या पुढची आई-वडील मंडळी राहिली आहेत, अशी घरे किनाऱ्यावर थोडी नाहीत. गुडघे दुखणाऱ्या, हातात छत्री धरलेल्या वृद्धेने मुसळधार पावसात शेवाळलेल्या पायवाटेवरून जाऊन दीडशे किलोंचे फाटक ढकलावे, रात्री रुग्णवाहिका आली तर अंधारात कुलूप शोधावे, हे साधेपणाच्या नावाखाली तिच्यावर लादू नये. तिच्या घरचे फाटक आपोआप उघडावे ही चैन नाही, आणि ते उघडत नसेल तर दोष तिच्या गावाच्या हवेचा मानू नये. खर्चाचा विचार करताना तर जमाखर्च नीट मांडावा: जस्तात बुडवण्याचा, चांगल्या बोल्टांचा, अर्थिंगचा आणि लोंढा-संरक्षकाचा खर्च एकदाच येतो, जळालेली मोटर, नवा बोर्ड आणि परगावाहून येणाऱ्या कारागिराची खेप दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा पुन्हा येते.

म्हणून आरोंद्यातल्या आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक गृहस्थाला माझी विनंती अशी, की फाटकाचा करार करताना किंमत ठरवण्याआधी त्यात काही शर्ती स्पष्टपणे लिहून घ्याव्यात: घडण पूर्ण झाल्यावर अख्खे फाटक गरम जस्तात बुडवले जाईल आणि त्याची पावती मिळेल, बिजागऱ्या व बोल्ट ३१६ जातीचे असतील, पेटी छातीच्या उंचीवर, आडोशाला, खालून तारा घेऊन बसवली जाईल, अर्थिंगचा रोध मोजून लिहून दिला जाईल, आणि पहिली तीन वर्षे, दर मे महिन्यात, कंत्राटदार स्वतः येऊन पेटी उघडेल, ग्रीस बदलेल, सेन्सरच्या काचा पुसेल. जो कंत्राटदार या शर्ती मान्य करायला तयार नसेल त्याला परत पाठवावे. आणि ज्यांच्या दारात असे फाटक आधीच आहे त्यांनी, येत्या मे महिन्यात घर शाकारायला माणसे येतील आणि आगोटीची तयारी सुरू होईल, त्याच आठवड्यात फाटकाचे आडोशाचे भाग गोड्या पाण्याने धुऊन घ्यावेत, नळ्यांच्या तळाला पाणी निथळायची भोके पाडून घ्यावीत आणि हाताने उघडण्याची किल्ली एकदा फिरवून पाहावी. ही सारी कामे सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत आटोपतात.